घर पाहावं पावसात

भाच्याचा फोन आला तेव्हा मे महिना नुकताच लागला होता. "मामा, मुंबईत नोकरी लागली. पंधरा जूनला हजर व्हायचंय. घर कुठं बघू?" मी विचारलं, "ऑफिस कुठल्या स्टेशनाला?" तर म्हणाला, "बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मॅपवर मुलुंडपासून सतरा-अठरा किलोमीटर दाखवतंय. म्हणजे गाडीवर अर्धा तास ना?"

सोलापूरचं पोरगं. तिथं विजापूर रोडवरून जुळे सोलापुरात जायला जेवढा वेळ सकाळी लागतो तेवढाच संध्याकाळी. मला हसू आलं नाही, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही असाच नकाशावर बोट ठेवून घर ठरवलं होतं आणि पहिल्याच जुलैत त्याची शिक्षा भोगली होती. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर मांडतो. माझ्या अनुभवात मुंबईतलं घर फसतं ते दोन वेळांना: कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आणि जुलैतल्या धुवांधार पावसात. एजंट मात्र घर दाखवतो ते रविवारी दुपारी, मे महिन्यात.

आधी सकाळच्या नऊचं बघू. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, गाड्या किती वेळा बदलाव्या लागतात त्यात मोजायचं. घराच्या दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंतचा वेळ धरायचा. भाच्याचंच उदाहरण घ्या. मुलुंडला घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग स्लो लोकलनं कुर्ला, तिथं पुलावरच्या गर्दीतून पश्चिमेला उतरणं आणि खाली पुन्हा बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग. लोकलमधली वीस-पंचवीस मिनिटं हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरा वेळ दोन्ही टोकांना जातो आणि नेमका तोच नकाशावर दिसत नाही. दाराशी दाराचा हिशेब सव्वा तासावर जातो. वर पाऊस असला तर रिक्षाची रांग दुप्पट.

म्हणून आधी घर शोधू नका. आधी ऑफिसचं स्टेशन ठरवा, मग ते कुठल्या रेल्वेमार्गावर आहे ते बघा आणि त्याच मार्गावर मागे मागे जात घराचं स्टेशन निवडा. ऑफिस लोअर परळ किंवा अंधेरीला असेल तर पश्चिम रेल्वे, घाटकोपर-विक्रोळीला असेल तर मध्य, ऐरोली-घणसोलीला असेल तर ठाण्याहून सुटणारी ट्रान्स हार्बर. दोन मार्गांच्या बेचक्यात ऑफिस असेल, जसं बीकेसी, तर मेट्रोचा विचार करा. आरे ते कफ परेड ही भुयारी 'मेट्रो ३' ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. तिनं जुनी गणितं बरीच बदलली. घाटकोपरहून मेट्रो १ पकडून मरोळ नाक्याला उतरलं की मेट्रो ३ नं थेट बीकेसी गाठता येतं. यातही एक बदल आहे, पण तो छपराखाली, आणि रिक्षावाल्याची मनधरणी नाही. मात्र घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनात सकाळी शिरायलाही रांग असते, ती एकदा डोळ्यांनी बघून या.

मी स्वतः एक नियम पाळत आलो. रोजच्या प्रवासात एकच बदल चालेल, दोन नकोत. दुसऱ्या बदलाला माणूस मोडतो. एका बाजूला एक तास जास्त म्हणजे दिवसाला दोन, महिन्याच्या चोवीस कामाच्या दिवसांत अठ्ठेचाळीस तास. महिन्यातून दोन अख्खे दिवस आणि रात्री तुम्ही दांडीला लटकून काढणार. भाड्यातले वाचलेले पैसे या अठ्ठेचाळीसनं भागून बघा, मग ठरवा स्वस्त काय.

गाडी कुठून सुटते हेही बघा. ठाण्याला मागून भरून आलेल्या गाडीत शिरायचं आणि ठाण्याहूनच सुटणाऱ्या स्लोमध्ये चढायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात बसायला मिळण्याची आशा तरी असते. डोंबिवली, कल्याण, बोरिवली इथूनही लोकल सुटतात. पासधारक मंडळी त्या गाड्यांच्या वेळा घरातल्या वाढदिवसांसारख्या पाठ ठेवतात. आणि बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नका. आत शिराल, पण बोरिवलीला दारापर्यंत पोहोचायला देणार नाहीत, वर चार शब्द ऐकवतील ते वेगळेच. यात विरारकरांचा दोष नाही. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर उभं राहायचं असतं त्यांना.

स्टेशन ठरलं की पूर्व की पश्चिम हा प्रश्न येतो. बाहेरगावच्या माणसाला तो किरकोळ वाटतो. एकाच स्टेशनच्या दोन बाजू म्हणजे दोन गावं असतात. मधे रूळ आणि ओलांडायला मोजके पूल. ऑफिसची बस किंवा मुलांची शाळा पश्चिमेला आणि घर पूर्वेला असेल, तर रोज त्या पुलाशी गाठ. घर स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांच्या आत असावं असा माझा आग्रह असतो. "स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते" हे एजंटचं वाक्य खरं असतं, फक्त रात्री साडेदहानंतर आणि मोठ्या पावसात ते खोटं ठरतं. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला ठाऊक नसते: वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाच चालत नाहीत. तिथं टॅक्सी, बेस्टची बस, नाहीतर आपले पाय.

टोकन देण्याआधी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी त्या घराच्या दारातून निघा आणि ऑफिसपर्यंत जाऊन या. रविवारी जाऊ नका. रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही वेगळी असते. संध्याकाळी साडेसहाला उलट प्रवासही करा. एवढं केलं तर निम्मी घरं आपोआप यादीतून गळतात.

नवी मुंबईबद्दल हल्ली फार विचारणा होते. रस्ते रुंद, इमारती त्या मानानं नव्या, आणि महापालिकेकडे मोरबेचं स्वतःचं धरण असल्यानं पाण्याचं बरं आहे. पण खारघर नवी मुंबई महापालिकेत येत नाही, ते पनवेल महापालिकेत आहे. पाण्याची चौकशी तिथं वेगळी करावी लागते. ऑफिस बेलापूर, महापे, ऐरोलीला असेल तर डोळे झाकून नवी मुंबई किंवा ठाणे बघा. ऑफिस नरिमन पॉइंटला असेल आणि उलव्याच्या जाहिरातीतली "मुंबई अवघ्या वीस मिनिटांवर" ही ओळ तुम्हाला खुणावत असेल, तर थांबा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, झकास आहे, पण त्यावर रेल्वे नाही, दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे आणि मोटारीला टोल आहे. ती वीस मिनिटं मोटारवाल्याची, तीही शिवडीपर्यंतची.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर घरं मोठी आणि देखणी मिळतात. स्टेशन मात्र लांब, आणि रस्ता तुंबला की तुंबला. घरून काम असेल तर जरूर राहा. डोंबिवली, मुलुंड पूर्व, विलेपार्ले पूर्व इथं मराठी माणसाला रुळायला वेळ लागत नाही. एकटे राहणार असाल तर माझी एक कसोटी आहे, हसू नका: स्टेशन ते घर या वाटेवर पोळीभाजी केंद्रं किती लागतात ते मोजा. तीन लागली तर त्या भागात कामावरून उशिरा येणारी माणसं राहतात, त्यांच्यासाठी दुकानं उघडी असतात आणि रात्री रस्त्याला जाग असते.

आता पाऊस.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सोलापूरला वर्षभरात सरासरी जेवढा पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. असा दिवस रोज येत नाही, पण दर पावसाळ्यात दोन-चार दिवस त्याची छोटी भावंडं येतातच. त्यात भरतीची वेळ जुळली की पाणी समुद्रात जायची वाटच बंद होते. समुद्र आत शिरू नये म्हणून नाल्यांच्या मुखाशी दरवाजे लावावे लागतात आणि शहरातलं पाणी पंपांनी बाहेर फेकावं लागतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असं बातम्यांत ऐकलंत की समजायचं, आज लवकर निघा. हिंदमाता, गांधी मार्केट, शीव, कुर्ल्याचा मिठीकाठ, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं तुम्हाला दर जुलैत ऐकू येतील. हिंदमातासाठी पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, तरी या जागा मुळातच बशीसारख्या खोलगट आहेत. मध्य रेल्वेचे रूळही शीव-कुर्ला पट्ट्यातच आधी बुडतात, म्हणजे तुमचं घर कोरडं असलं तरी वाट बंद.

घर बघायला जाल तेव्हा पाणी भरण्याचा प्रश्न घरमालकाला विचारू नका, एजंटला तर नाहीच. इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला विचारा, किराणावाल्याला विचारा: "२६ जुलैला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं?" या शहरात ही तारीख साल न सांगताही कळते. कुर्ल्याला एका वाण्यानं मला तोंडानं उत्तर दिलंच नाही. तो काउंटरमागून बाहेर आला, डाळींच्या डब्यांच्या दुसऱ्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इथपर्यंत. साखर गेली, तेल वाचलं." माझ्या छातीला लागत होती ती फळी. त्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट पाच हजारांनी स्वस्त का मिळत होता, ते तिथंच कळलं. तळमजला आणि त्याखालचं पार्किंग दोन्ही टाळा. गाडी असेल तर दुप्पट टाळा.

मुंबईबाहेर बदलापूर-वांगणीच्या बाजूला घर स्वस्त म्हणून बघत असाल तर उल्हास नदीचा पूर लक्षात ठेवा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथंच पुराच्या पाण्यात अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर हे नगरपालिकेत विचारता येतं. आणि डोंगराच्या पायथ्याला, उताराला चिकटून असलेलं घर कितीही स्वस्त असो, पावसाळ्यात तिथं झोप लागत नाही.

पुराचं पाणी दोन दिवसांत ओसरतं. ओल चार महिने राहते. माझी पहिली खोली भांडुपला होती, मे महिन्यात घेतलेली, नवा पांढराशुभ्र रंग. मालक म्हणाला, खास तुमच्यासाठी रंग काढला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटामागून वास यायला लागला. कपाट ओढलं तर भिंतीवर हाताच्या पंजाएवढे पोपडे सुटलेले आणि त्याखाली काळी-हिरवी बुरशी. कातडी पट्ट्यावर पांढरी लव आलेली. आईनं दिलेली सोलापुरी चादर तर पुढं कितीही धुतली तरी तिचा तो कुबट वास गेला नाही. सोलापुरात भिंतीला ओल आली की नळ कुठं गळतो ते शोधतात. इथं नळ गळत नव्हता, आभाळ गळत होतं.

तेव्हापासून नवा रंग दिसला की मी भिंतीला नाक लावतो. नैऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त मार खातात. त्या भिंतीवर तळहात टेकवून बघा, खिडकीखालचा कोपरा बघा, मालकाची हरकत नसेल तर कपाट जरा सरकवा. बाथरूमच्या छतावर पिवळट डाग असेल तर वरच्याचं बाथरूम गळतंय आणि त्या दुरुस्तीवरून दोन शेजाऱ्यांचं वाकडं असणार. शेवटचा मजला घेत असाल तर आधी गच्चीवर चढा. वर पत्र्याची शेड असेल तर उत्तम. निळी ताडपत्री पसरलेली असेल तर खालच्या घराची कहाणी तिथंच वाचून घ्या.

समुद्र दिसणाऱ्या घराचं आकर्षण मी समजू शकतो. पण खारा वारा लोखंड खातो. खिडकीची ग्रिल, गॅसची शेगडी, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं लवकर गंजतं. भाड्याच्या घरात यातलं काय कोणी दुरुस्त करायचं ते करारात लिहून घ्या. हाच गंज इमारतीच्या पोटातही चालू असतो. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून तडा देते. बाल्कनीखाली, जिन्याच्या छताला गिलावा सुटून सळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या तर खोलीचं भाडं विचारण्याआधी इमारतीचं वय विचारा. ३० वर्षांपुढच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. सोसायटीच्या ऑफिसात "ऑडिट कधी झालं, काय निघालं" असं विचारायला लाजू नका. पालिका दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक, म्हणजे सी-१ वर्गातल्या इमारतींची यादी काढते. तिच्यात नाव आहे का तेही बघा.

पाण्याबद्दल वॉचमनला दोनच प्रश्न: पाणी किती वाजता येतं, आणि टँकर येतो का. बऱ्याच सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळीच सोडतात. सकाळी सहा ते आठ असेल आणि तुमची रात्रपाळी असेल तर टाकी किंवा पिंप लागणारच. वीज कुणाची याची फार चिंता नको, भागानुसार बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण असते. पाइपचा गॅस असेल तर सिलिंडरच्या कनेक्शनचा त्रास तेवढा वाचतो.

आता कागद. इथं भाडेकरार म्हणजे बहुतेक वेळा अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. "अकराच महिने आहेत, नोंदणी लागत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेलाच नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. हे एकदा गोड शब्दांत मालकाला सांगितलं की नोंदणी पटकन होते. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही मालकाकडेच. झालं की पोचपावतीची प्रत मागून घ्या.

दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांनी करार वाढवताना एजंट पुन्हा हात पुढं करतो, ते आधीच बोलून ठेवा. "हेवी डिपॉझिट"चा प्रस्ताव येईल: मोठी रक्कम एकरकमी द्या, महिन्याचं भाडं नको. ऐकायला गोड, पण ती रक्कम मालकानं खर्चून टाकली तर जाताना तुम्ही त्याच्या दारात. नव्या माणसानं या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा भलताच आकडा फुगवून कुणी तुमच्या गळ्यात मारत असेल तर सोसायटीचं बिल दाखवा म्हणा.

एकट्या मुलाला, एकट्या मुलीला, मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या या शहरात आहेत, नोकरदारांच्या जिवावर चाललेल्या या शहरात. मला ते संतापजनक वाटतं. पण भांडून मिळवलेल्या घरात वर्षभर जिन्यातल्या नजरा सोसाव्या लागतात, तेव्हा काय खाता, कोण येणार-जाणार हे पहिल्याच भेटीत उघड सांगून टाका. नकार यायचा असेल तर टोकन देण्याआधी आलेला बरा.

आणि ताबा घेताना फोनवर प्रत्येक भिंतीचा, छताचा, बाथरूमचा व्हिडिओ काढा, मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, दोन्ही त्याच दिवशी मालकाला पाठवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून "रंगाचे पैसे" कापायची वेळ आली की हा व्हिडिओच तुमच्या बाजूनं बोलतो. माझ्याकडे भांडुपला तो नव्हता. ती बुरशी मीच आणली असं ठरलं आणि दोन हजार गेले.

भाच्याला शेवटी एवढंच म्हणालो, पंधरा जूनच्या आत घर घेऊच नको. मुलुंडला पेइंग गेस्ट म्हणून कॉट बेसिसवर दोन महिने राहा, डबा लाव, ऑफिसला तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन बघ. आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे अजिबात पटलेलं नाही. पोरगं दुसऱ्याच्या खाटेवर झोपतं म्हणून मला रोज फोन येतो. त्यानं मात्र घाटकोपर पूर्वेची चार घरं हेरून ठेवली आहेत, चौघा मालकांना "जुलैत परत येतो" असं सांगून. परवा विचारत होता, "मामा, चारातल्या तिघांना जुलैच का ते कळत नाही. चौथा म्हणाला, या, छत्री आणा. त्याचं घर आधी बघू का?"